चोवीस इंची वर्षावास

आषाढी पौर्णिमा झाली की आमच्या गल्लीतल्या विहारात संध्याकाळी सात वाजता ग्रंथवाचन सुरू होतं. वर्षावासाचे तीन महिने, आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज एक प्रकरण. पूर्वी भिक्खू पावसाळ्यात गावोगाव फिरत नसत, एका जागी थांबत, म्हणून हा वर्षावास. आम्ही खडकीचे लोक एरवी तरी कुठे फिरतो म्हणा, पण पावसाचे तीन महिने सतरंजीवर बसून ऐकायची रीत आमच्याकडे चालत आली आहे. विहाराच्या कर्ण्याचं तोंड नेमकं आमच्या खिडकीकडे आहे. यंदा वाचणारी बाई नवीन आहे. कठीण शब्द आला की ती थांबते, मनातल्या मनात एकदा म्हणून बघते आणि मगच माइकवर म्हणते. तेवढा वेळ कर्ण्यातून नुसती खरखर येते. अप्पा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत बसल्या बसल्या त्या खरखरीत तिचा अडलेला शब्द हळूच म्हणून टाकतात.

खुर्चीच्या समोर, पूर्वी जिथे दिवाण होता तिथे, आता एक यंत्र उभं आहे. चोवीस इंच रुंदीचा कागद घेणारा फोटो प्रिंटर. जुनी चादर पांघरलेला, चार पायांवर उभा, दोन माणसांनाही सहज न हलणारा. वापरला नाही तर त्याच्या बारीक छिद्रांतली शाई वाळते, म्हणून मी रोज त्याला एक तरी कागद छापायला देते. घरात म्हैस बांधल्यासारखं आहे, दूध असो नसो, वैरण टाकावीच लागते. पावसाळ्यात कागद दमट होऊन कडेला वळतो, मग तो आदल्या दिवशी गादीखाली ठेवायचा. येणारे जाणारे विचारतात, घरात हे कशाला? मी सांगते, फोटो छापायला. पुढचं कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही.

हा प्रिंटर निवडायला मला गेल्या वर्षीचा अख्खा वर्षावास लागला. यंदा पहिल्या दिवशी कर्णा खरखरला आणि ते तीन महिने पुन्हा घरात येऊन बसले.

आमच्या घराण्याचा दोष म्हणा, धंदा म्हणा, तो तपासणीचा. अप्पा चौतीस वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात होते. मी भोसरीला एका कंपनीत क्वालिटीत आहे, दोन वर्षांत निवृत्त होईन. आमच्या घरात वस्तू येत नाही, ती पास होते. माठ आणला तर आधी एक दिवस ओट्यावर, एक दिवस जमिनीवर आणि एक दिवस वर्तमानपत्रावर ठेवायचा. कागद ओला झाला नाही तर माठ घरातला. छत्री दुकानातच दहा वेळा उघडायची. आईला या सगळ्याचा वैताग यायचा. ती म्हणायची, "मला कशी काय तपासली नाही यांनी?" त्यावर अप्पा म्हणायचे, "तेव्हा मी ट्रेनिंगला होतो." मला बघायला आलेल्या एका मुलालाही अप्पांनी तीनदा बोलावलं होतं. तिसऱ्यांदा तो आला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी इतकी वर्षं सांगत आले आहे.

अप्पांचा दुसरा नाद कॅमेऱ्याचा. कॅन्टोन्मेंटमधल्या कुणा साहेबाने जाताना विकलेला, दोन डोळ्यांचा, पोटाशी धरून वरून डोकावून बघायचा चौकोनी कॅमेरा. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये बारसं असो, निरोप समारंभ असो, अप्पा मान खाली घालून उभे असायचे. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना वाटायचं, हा माणूस लाजाळू आहे. रविवारी दुपारी आमची मोरी बंद व्हायची. आत लाल दिवा, तीन परातींत तीन पाणी आणि माझ्या हातात घड्याळ. मी सेकंद मोजायचे आणि कोऱ्या कागदावर हळूहळू कुणाचं तरी कपाळ, कुणाची तरी मिशी वर यायची. "थोडं काळं हवंय," अप्पा म्हणायचे, आणि पुन्हा नवा कागद. कागद नेहमी पोस्टकार्डाएवढाच, कारण मोरीत त्यापेक्षा मोठा मावत नव्हता. एखादी निगेटिव्ह विशेष आवडली की ते ती बटर पेपरच्या पाकिटात घालायचे, ओल शोषायला तांदळाची पुरचुंडी ठेवलेल्या बिस्किटाच्या डब्यात सरकवायचे आणि म्हणायचे, "ही एकदा मोठी करायची."

त्या डब्यात सगळ्यात वरचं पाकीट आईचं.

तेव्हा विहार म्हणजे पत्र्याची एक खोली होती. आई चौथी शिकलेली. लग्नानंतर ती दुपारी माझ्या शाळेच्या पुस्तकांवरून वाचन पक्कं करायची, हे मला फार उशिरा कळलं. एका वर्षावासात समारोपाच्या दिवशी वाचायची पाळी तिच्यावर आली. पांढरी साडी, नाकावर घसरलेला चष्मा, ओळीखाली धरलेलं बोट. आणि मध्येच एका शब्दावर ती अडली. बायका वाट बघत होत्या. आईने मान वर केली आणि अप्पांकडे बघितलं, ओठ किंचित उघडे, शब्दाचं पहिलं अक्षर तोंडात. अप्पांनी त्या क्षणी फोटो घेतला. मग कॅमेऱ्यावरची मान न उचलता तो शब्द हळूच सांगितला. आई त्यांच्यावर आठवडाभर चिडली होती. "मी बुडत होते आणि तुम्ही फोटो काढत होता," असं ती पुढे कितीतरी वर्षं म्हणायची. पण तो पोस्टकार्डाएवढा फोटो तिने मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. आई जाऊन आता सात वर्षं झाली. फोटोच्या एका कोपऱ्याला हळद लागलेली आहे.

गेल्या वर्षी ज्येष्ठात अप्पांना रेषा वाकड्या दिसायला लागल्या. दाराची चौकट मध्येच पोटात वळलेली दिसते, म्हणाले. तपासणीतला माणूस, त्याला आधी चौकटीचाच संशय आला, त्याने ओळंबा लावून बघितला. डॉक्टरबाईंनी डोळ्यांत थेंब घालून आत बघितलं आणि मला बाजूला न घेता त्यांच्यासमोरच सांगितलं, ते मला आवडलं. "आजोबा, पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडा राहतील, मधलं जाईल. तुम्ही घरात फिराल, ताट दिसेल, पण वाचता येणार नाही. चेहरे लवकर जातील. जे नीट बघायचंय ते आत्ता बघून घ्या."

"किती दिवस?" अप्पांनी विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही."

घरी आल्यावर अप्पांनी मसाल्याच्या कपाटाचं दार उघडलं, भिंग घेतलं आणि आईचा फोटो बराच वेळ बघितला. तेव्हा त्यांना भिंगातून दिसत होतं, हे मी मुद्दाम नमूद करते. वर्तमानपत्राचे मथळेही दिसत होते. मग ते म्हणाले, "सुनू, ही आता मोठी करू."

बाहेरून करून आणू, असं मीच आधी म्हटलं. पण बाहेर एकदाच छापून मिळतं. अप्पांना शेजारी उभं राहून "थोडं काळं हवंय" म्हणायचं होतं. आज डोळ्याला काय दिसतं आणि उद्या काय, त्याप्रमाणे पुन्हा पुन्हा छापायचं होतं, मोरीत छापायचो तसं. ते मला पटलं. निगेटिव्ह मी स्कॅन करून आणली आणि म्हटलं, अप्पा, प्रिंटरच घेऊ. त्यांचा चेहरा उजळला. "घाई करायची नाही," ते म्हणाले. "नीट बघून घ्यायचं."

आम्हा दोघांना याहून गोड वाक्य माहीत नव्हतं.

आषाढी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या शनिवारी मी नारायण पेठेत गेले. रेनकोट निथळत दुकानात शिरले तेव्हा मालक पायपुसण्याकडे बोट दाखवत होते. साठीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर.

"मोठे फोटो छापायचा प्रिंटर बघायचाय," मी म्हटलं.

"बघायचाय की घ्यायचाय?"

"आधी बघायचाय."

"मग बघा. बघायला आम्ही अजून तिकीट लावलेलं नाही."

"घरी वापरायला हवाय."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "घरी? घरी काय फ्लेक्स छापणार? वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा?"

तरीही त्यांनी सगळं दाखवलं, आणि तिथेच माझा घात झाला. मला वाटलं होतं, लहान, मध्यम, मोठा असं काहीतरी असेल. तेरा इंची टेबलावर मावतो, पण त्यात आई फुटापेक्षा थोडी मोठी होणार. सतरा इंची चांगला, पण त्यात रोल लावायचा की सुटे कागद, हा प्रश्न. चोवीस इंचीला रोल आहे, पण तो जिन्यातून वळेल का, हा दुसरा. मग शाई. एक पाण्यासारखी, ती चमकदार पण उडते. एक दाट, ती टिकते पण छिद्रं तुंबवते. सहा शायांचा, आठ शायांचा, बारा शायांचा. काळापांढरा फोटो छापायचा तर करड्या शाया किती, दोन की तीन? करड्या रंगात हिरवट झाक येते का? कागद गुळगुळीत की खरबरीत? खरबरीत कागदाला वेगळी काळी शाई, ती बदलताना किती वाया जाते? मी वही काढली आणि रकाने आखले. रकाने आखले की मला बरं वाटतं.

दुसऱ्या का तिसऱ्या शनिवारी मालकांनी मला विचारलं, "मॅडम, हे फोटो बघणार कोण?"

"वडील."

"वय?"

"एक्याऐंशी."

"मग बारा शाया कुणासाठी?"

मला राग आला. मनात म्हटलं, यांना काय कळणार. मी त्यांना करड्या शायांबद्दल आणखी एक प्रश्न विचारला. त्यांनी खांदे उडवले आणि पुढचा नमुना काढला.

श्रावण असाच गेला. शनिवारी नारायण पेठ. एका रविवारी स्वारगेटजवळ एका स्टुडिओत त्यांचा चोवीस इंची चालताना बघायला, तिथे दोन तास उभी राहिले आणि मशीन त्या दिवशी नेमकं आपलं छपाईचं डोकं धूत बसलं होतं. आईच्या फोटोचा एक तुकडा मी पेनड्राइव्हवर घेऊन फिरायचे आणि प्रत्येक ठिकाणी तोच छापून घ्यायचे, साडीच्या निऱ्यांचा, कारण निऱ्यांत पांढऱ्याच्या किती छटा येतात त्यावर मशीनची पारख होते. चेहऱ्याचा तुकडा मी कधीच घेतला नाही. तो शेवटी, नीट, एकदाच छापायचा असं मी ठरवलं होतं. घरी आणून नमुने गॅलरीत दोरीवर लावायचे, भिंगाने बघायचे, दहापैकी गुण द्यायचे. अप्पांच्या भिंगाने. ते एव्हाना रिकामं पडलेलं असायचं आणि ते का रिकामं पडलेलं असतं, हे माझ्या एकाही रकान्यात नव्हतं.

संध्याकाळी कर्णा सुरू झाला की अप्पा विचारायचे, "पास झाला का?"

"एक सतरा इंची जवळजवळ झाला होता. पण करड्यात हिरवट मारतो."

"मग नको. एकदा घेतला की घेतला."

त्या मोसमाचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओल्या रेनकोटचा, दमट कागदाचा आणि कोऱ्या शाईचा. बाहेर रिपरिप, आत पंखा मंद फिरवून वाळत घातलेले निऱ्यांचे तुकडे, सोळा, सतरा, अठरा. मी सुखात होते, हे कबूल केलं पाहिजे. आई गेल्यापासून आम्हा दोघांना एकत्र करायला असं काही उरलं नव्हतं. पुन्हा रविवारची मोरी आल्यासारखी वाटत होती, मी घड्याळ धरून उभी आणि अप्पा कागदावर वाकलेले. फरक एवढाच की घड्याळ माझ्या हातात असून मी त्याच्याकडे बघत नव्हते.

भाद्रपदात मला वाटायला लागलं की अप्पा माझ्यावर रागावले आहेत. बोलायला बसले की माझ्याकडे बघायचे नाहीत. मी समोर असले की ते माझ्या उजव्या कानापलीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलायचे. आधी दुर्लक्ष केलं. मग खुपायला लागलं. आमच्या घरात रुसवा असाच असतो, आवाज न करता. आईशी भांडण झालं की ते असेच चार चार दिवस खिडकीशी बोलायचे. मला वाटलं, उशीर होतोय म्हणून रुसलेत. मग मी आणखी नेटाने रकाने भरायला लागले, की आता यांना सर्वांत उत्तम मशीन आणून द्यायचं आणि हा रुसवा काढायचा. एकदा चहा देताना मी म्हटलंसुद्धा, "अप्पा, काही चुकलं का माझं?"

"नाही गं," ते कॅलेंडरला म्हणाले, आणि कप घ्यायला हात पुढे केला तो कपाच्या दोन बोटं अलीकडे थांबला. मी कप हातात दिला. मला वाटलं, रागात आहेत, लक्ष नाही.

अठ्ठावन्न वर्षांची बाई, पस्तीस वर्षं लोकांचे दोष काढून पगार घेतलेली. समोरच्या माणसाचे डोळे गेले ते हिला दिसलं नाही.

आश्विनात चोवीस इंची, बारा शायांचा पास झाला. वहीत शेवटी बरोबरची खूण केली तेव्हा नारायण पेठेतले मालक म्हणाले, "अभिनंदन. आता आम्हालाही सुट्टी." चार माणसांनी तो जिन्यातून चढवला. दुसऱ्या वळणावर अडकला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंना काही वेळ दार उघडता आलं नाही. विहारात समारोपाची तयारी सुरू झाली होती, कर्ण्यावर कुणीतरी "हॅलो हॅलो" करून बघत होतं. मी संध्याकाळी पाच वाजता आईचा फोटो छापायला लावला. मशीनने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि कागद इंच इंच पुढे यायला लागला. आधी खिडकीचा पत्रा. मग आईचा भांग. कपाळ. चष्मा. मी नकळत सेकंद मोजत होते.

असा फोटो मी आयुष्यात बघितला नव्हता. दोन फूट बाय दोन फूट. निऱ्यांची घडी न घडी, चष्म्याच्या काचेत उमटलेलं दार, बोटाच्या नखातली कणीक. ओठांवरचं ते अडलेलं अक्षर. मला रडू आलं. मी तो समोरच्या भिंतीला लावला आणि अप्पांना दंडाला धरून आणलं.

ते उभे राहिले. जवळ गेले. मागे आले. पुन्हा जवळ गेले. मी वाट बघत होते, त्यांनी पूर्वीसारखं "पास" म्हणावं म्हणून.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

"काय?"

"चेहरा आला नाही, सुनू."

मी हसले. मला थट्टाच वाटली. मग त्यांचा हात बघितला. तो कागदावर आईच्या गालाशी होता आणि चाचपत होता, फोटोत काही कमी आहे का ते हाताने बघत होता.

पुढचे चार दिवस मी छापत होते. "थोडं काळं हवंय," अप्पा म्हणायचे आणि मी काळं करायचे. तिन्ही करड्या शाया आधी बाद झाल्या, मग निऱ्या गेल्या, चष्म्यातलं दार गेलं. नुसतं काळं आणि पांढरं उरलं. मग नुसता चेहराच रोलवर चार फूट लांब छापला, तो कपाटाच्या दाराएवढा झाला. पण डाग कागदावर नव्हता, त्यांच्या डोळ्यात होता. ते जवळ गेले की तो त्यांच्याबरोबर जवळ यायचा. मागे गेले की चेहरा लहान व्हायचा आणि तो डाग सगळा चेहरा झाकायचा. चौथ्या दिवशी, पौर्णिमेला, चार फुटी आईसमोर उभे राहून ते नेहमीसारखे कॅलेंडरकडे तोंड करून म्हणाले, "राहू दे आता. दमलीस तू."

माझा बांध फुटला. मी ओरडले. वडिलांवर मी आयुष्यात ओरडले नव्हते. "निदान माझ्याकडे बघून तरी बोला! दीड महिना बघतेय मी, तुम्ही माझ्याकडे बघत नाही. एवढं काय चुकलं माझं?"

अप्पा गोंधळले. मान हलली नाही, कॅलेंडरकडेच राहिली.

"तुझ्याकडेच बघतोय गं," ते म्हणाले. "सरळ बघितलं की तू जातेस. तोंडाच्या जागी राखाडी बोट ठेवल्यासारखं होतं. जरा बाजूला बघितलं की कडेने येतेस."

"कधीपासून?"

"श्रावणापासून असेल."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इतकं नीट करत होतीस," ते म्हणाले. "म्हटलं, पूर्ण होऊ दे."

मी खाली बसले. कर्ण्यावर शेवटचं प्रकरण सुरू झालं होतं आणि त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता. मी म्हटलं, "मग आईकडेही तसंच बाजूने बघा ना."

"बघितलं. बाजूने कळतं ते हलणारं. तू हलतेस, हात उडवतेस, म्हणून कळतेस. ती हलत नाही."

त्यानंतर एकदा मला नारायण पेठेत जावं लागलं, कागदाचा रोल आणायला. प्रिंटरच्या दुकानाला लागून एक झेरॉक्सचं दुकान आहे. इंजिनीअर लोकांचे घराचे नकाशे तिथे मोठे करून मिळतात, टेबलाएवढ्या कागदावर, काळे पांढरे, भसाभस, उभ्या उभ्या. तीन महिने दर शनिवारी मी त्याच्यासमोर छत्री झटकली होती. आषाढात, अप्पांना मथळे दिसत होते तेव्हा, मसाल्याच्या कपाटातला तो हळदीचा फोटो मी तिथे नेऊन दिला असता, तर पाच मिनिटांत आई दाराएवढी होऊन घरी आली असती. ओबडधोबड, डागाळलेली, एकही करडी छटा नसलेली. त्यांना दिसली असती. मग त्यांनी काळं हवंय म्हटलं असतं तर मी परत गेले असते, रोज गेले असते. मी तिथे बराच वेळ उभी होते. शेजारच्या दुकानाचे मालक बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही खोचक बोलले नाहीत. "बसा आत," म्हणाले. मी बसले नाही.

बारा शाया माझ्यासाठी होत्या. मला नीट दिसत होतं म्हणून मी आणखी नीट बघत बसले.

वर्ष झालं. डॉक्टरबाई म्हणतात, कडा अजून चांगल्या आहेत. त्यांचा आवाज चांगल्या बातमीचा असतो आणि मी मान डोलावते. मी काहीही करू शकत नाही, हे मला आता रकान्याशिवाय कळतं. रोज मशीनला कागद घालते, बिस्किटाच्या डब्यातली एकेक निगेटिव्ह छापते आणि अप्पांना वाचून दाखवते. "डावीकडे पत्र्याची भिंत. तिला टेकून चार माणसं. दुसऱ्याची टोपी तिरकी." अप्पा म्हणतात, "दुसरा नाही, तिसरा," आणि त्यांचंच बरोबर असतं. हे माझं ग्रंथवाचन. मीही कधी कधी अडते. एखाद्या जुन्या माणसाचं नाव आठवत नाही, तेव्हा ते खुर्चीतून सांगतात.

चार फुटी आई अजून हॉलमध्ये आहे. चारी बाजूंनी खिळे मारून ताठ लावलेली होती. परवा, पौर्णिमेनंतर दोनच दिवसांनी, खालचे खिळे दमट भिंतीतून निघाले आणि कागद वरच्या दोन खिळ्यांवर नुसता लोंबायला लागला. नव्याने ठोकायला हातोडी शोधत होते, तेवढ्यात सातचा कर्णा सुरू झाला. म्हणून तशीच राहिली. निऱ्यांच्या तुकड्यांची सवय म्हणून की काय, मी पंखा लावला होता, त्या दिवशी छापलेला कागद वाळायला. पंख्याच्या वाऱ्याने आई खालून थोडी उचलली जायची आणि परत भिंतीला टेकायची. अप्पा खुर्चीत कॅलेंडरकडे तोंड करून बसले होते, आई त्यांच्या नजरेच्या कडेला. कर्ण्यावरची नवी बाई एका शब्दावर थांबली. खरखर सुरू झाली. मी वाट बघितली, पण अप्पा शब्द म्हणाले नाहीत. बाईने शेवटी स्वतःच म्हटला आणि पुढे गेली.

बाहेर पाऊस वाढला होता, घरात गारठा आला होता. मी पंखा बंद करायला उठले.

"असू दे," अप्पा म्हणाले. मान हलली नाही.

काय दिसलं, मी विचारलं नाही. कपाटातून शाल काढली, अंगावर घेतली आणि पंखा पाचवर केला.